एल्मचा मर रोग आणि सालीतील भुंगेरा

वाळलेले झाड बांधावर वर्ष दोन वर्षे तसेच उभे राहिले, तर त्यात काही वावगे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. सवड मिळेल तेव्हा ते तोडावे, लाकूड सरपणास आणावे, अथवा गिऱ्हाईक येईपर्यंत ढीग रचून ठेवावा, अशी रीत सर्वत्र आहे. परंतु एका वाळलेल्या झाडापासून शेजारची दहा हिरवी झाडे कशी वाळतात, आणि त्या दहांपासून अख्ख्या प्रदेशातील वृक्षराजी कशी नाहीशी होते, याचे ठळक उदाहरण गेल्या शंभर वर्षांत युरोप व अमेरिकेत घडून आले आहे. ते उदाहरण एल्म या वृक्षाचे आहे. झाड परदेशी असले, तरी त्याच्या नाशाची रीत व त्यापासून मिळणारा धडा आपल्या बागाईतदारांनी नीट समजून घेण्याजोगा आहे.

एल्म म्हणजे कोणते झाड?

महाराष्ट्राच्या पानगळीच्या रानांत व ओढ्याकाठी वावळा हे झाड आढळते. त्याच्या चपट्या, गोल, पापडीसारख्या फळांमुळे काही ठिकाणी त्यास पापडा असेही म्हणतात. एल्म हा याच वावळ्याच्या कुळातील थंड हवेचा वृक्ष होय. त्यालाही तशाच पंख असलेल्या चपट्या बिया येतात. वाढ उंच, घेर मोठा आणि लाकूड चिवट. या लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते सहजी चिरत नाही. म्हणून इंग्लंडातील सुतार गाडीच्या चाकाचे तुंबे एल्मचेच करीत. सतत ओले राहिले तर हे लाकूड दीर्घकाळ कुजत नाही, यामुळे जुन्या लंडन शहरात पाण्याचे नळ एल्मचे ओंडके पोखरून केलेले असत. शेताच्या कुंपणात, रस्त्यांच्या दुतर्फा, कालव्यांच्या काठी व गावाच्या चौकात हे झाड मोठ्या आवडीने लावीत.

इंग्लंडातील एल्मविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. तेथील एल्म बियांपासून क्वचितच वाढे. मुळांतून फुटणारे फुटवे काढून त्याची लागवड केली जाई. शास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार ही सर्व झाडे मूळच्या एकाच झाडाचा विस्तार असून ते रोमन लोकांनी द्राक्षवेलींना आधार म्हणून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी युरोपात पसरविले. अर्थात, जे एका झाडास मारक, ते सर्वांसच मारक, अशी स्थिती आधीपासूनच निर्माण झालेली होती.

रोगाचे निदान

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंड, बेल्जियम व उत्तर फ्रान्स या प्रदेशांत एल्मची झाडे ऐन उन्हाळ्यात अकस्मात वाळू लागली. कोणी त्याचा दोष युद्धातील विषारी वायूंना दिला, कोणी अवर्षणास, तर कोणी जिवाणूंना. खऱ्या कारणाचा छडा लावण्याचे श्रेय हॉलंडमधील स्त्रीशास्त्रज्ञांकडे जाते. दिना स्पीरेनबुर्ग यांनी १९२१ साली रोगाचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. योहाना वेस्टरडाइक यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या बेआ श्वार्ट्झ यांनी रोगट लाकडातून एक बुरशी वेगळी काढली व तीच या रोगाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. अनेकांनी त्यावर शंका घेतली. तेव्हा त्याच प्रयोगशाळेतील क्रिस्टीन बाउसमान यांनी निरोगी झाडांस ती बुरशी टोचून रोग पुन्हा उत्पन्न करून दाखविला व १९२७ साली हा वाद मिटला.

हे संशोधन हॉलंडमध्ये झाल्यामुळे या रोगास ‘डच एल्म रोग’ असे नाव पडले. रोग मूळचा हॉलंडचा आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

बुरशी सापडली, तरी एक प्रश्न शिल्लक राहिला. ही बुरशी झाडाच्या लाकडात आत खोल वाढते. वाऱ्यावर उडून ती दुसऱ्या झाडाच्या अखंड सालीतून आत शिरू शकत नाही. मग ती मैल दोन मैलांवरील झाडापर्यंत पोहोचते कशी? याचे उत्तर सालीखाली दडलेले होते.

भुंगेऱ्याचा जीवनक्रम

एल्मच्या सालीत राहणारे काही लहान भुंगेरे आहेत. त्यांपैकी मोठ्या जातीचा भुंगेरा ५ ते ६ मिलिमीटर लांब, तर लहान जातीचा २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो. रंग काळसर तपकिरी. हा भुंगेरा जोमदार झाडाच्या खोडात अंडी घालीत नाही. निरोगी झाडाचा रस त्यास मानवत नाही. मरू घातलेले, नुकतेच मेलेले अथवा तोडून सालीसकट टाकलेले झाड तो शोधून काढतो.

अशा झाडाच्या सालीस बारीक छिद्र पाडून मादी आत शिरते व साल आणि लाकूड यांच्यामध्ये उभा सरळ बोगदा कोरते. बोगद्याच्या दोन्ही बाजूंस ती ओळीने अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या पांढुरक्या अळ्या आडव्या दिशेने साल खात जातात व जसजशा मोठ्या होतात तसतसे त्यांचे बोगदेही रुंद होत जातात. साल सोलून पाहिल्यास मध्ये एक उभी रेघ व तिच्यापासून दोहों बाजूंस फुटलेल्या असंख्य रेघा, अशी पंख्यासारखी नक्षी दिसते. ही नक्षी एकदा पाहिलेला मनुष्य तिला विसरत नाही.

झाड रोगाने मेलेले असेल, तर त्याच्या सालीतील या ओलसर, अंधाऱ्या बोगद्यांत बुरशीही वाढत असते. बोगद्यांच्या भिंतींवर तिचे टाचणीच्या आकाराचे बारीक दांडे उभे राहतात व प्रत्येकाच्या टोकावर चिकट थेंबात असंख्य बीजाणू असतात. अळ्यांचे कोष होऊन नवे भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा हे चिकट बीजाणू अंगास माखूनच ते निघतात.

आता या क्रमातील सर्वांत महत्त्वाची पायरी येते. नवा भुंगेरा अंडी घालण्यापूर्वी पोट भरण्यासाठी हिरव्यागार, निरोगी एल्मकडे उडत जातो. तेथे कोवळ्या डहाळ्यांच्या बेचक्यात बसून तो साल कुरतडतो. ही जखम इतकी लहान असते की तेवढ्याने झाडास काहीही अपाय होऊ नये. परंतु ती लाकडापर्यंत पोहोचली की भुंगेऱ्याच्या अंगावरील बीजाणू थेट झाडाच्या जलवाहिन्यांत उतरतात.

झाड का वाळते?

जलवाहिनी म्हणजे मुळांनी ओढलेले पाणी पानांपर्यंत नेणारी नळी. आत शिरलेली बुरशी किण्वाप्रमाणे कळ्या सोडून वाढते व रसाबरोबर वाहत जाते. झाड आपल्या परीने प्रतिकार करते. ते आपल्या नळ्यांत डिंकासारखा पदार्थ व लहान फुगवटे निर्माण करून वाट बंद करू पाहते. परंतु शत्रूची वाट बंद करताना पाण्याचीही वाट बंद होते. मग भर उन्हाळ्यात एखाद्या फांदीची पाने पिवळी पडून आक्रसतात, तपकिरी होतात, डहाळीचे टोक आकडीसारखे खाली वाकते, आणि हळूहळू सर्व झाड वाळते. रोगट डहाळी आडवी कापून पाहिल्यास लाकडात तपकिरी ठिपक्यांचे कडे दिसते.

झाड मरू लागले की त्याची साल भुंगेऱ्यांच्या विणीस योग्य होते. म्हणजे भुंगेरा बुरशीस नवे झाड मिळवून देतो, आणि बुरशी झाड मारून भुंगेऱ्यास नवे घर मिळवून देते. यांतील एकटा भुंगेरा निरुपद्रवी व एकटी बुरशी पांगळी. दोघांची जोडी मात्र प्राणघातक ठरते.

ही गोष्ट अमेरिकेत स्पष्टपणे दिसून आली. युरोपातील लहान जातीचा भुंगेरा अमेरिकेत १९०९ सालीच आढळला होता. वीस वर्षे त्याच्यामुळे एल्मची कोणतीही मोठी हानी झाली नाही. पुढे फर्निचरसाठी युरोपातून एल्मचे ओंडके आयात झाले व त्यांच्याबरोबर बुरशी आली. १९३० साली ओहायो राज्यात पहिली रोगट झाडे सापडली आणि त्यानंतर रस्त्यांवर कमानीसारखी छाया धरणाऱ्या अमेरिकन एल्मच्या रांगाच्या रांगा नष्ट झाल्या.

रोगास दुसरीही एक वाट असते. जवळजवळ लावलेल्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळून जातात व त्या जोडातून बुरशी एका झाडातून दुसऱ्यात शिरते. रांगेत लावलेली झाडे एकामागून एक वाळत जातात, त्याचे हे कारण होय.

दुसरी साथ

इंग्लंडात हा रोग १९२७ साली पोहोचला. आरंभी बरीच झाडे मेली; परंतु पुढे रोगाचा जोर ओसरला व अनेक झाडे रोगातून सावरली. १९६० साली तेथील वनविभागाच्या एका पत्रिकेत असा निष्कर्ष काढण्यात आला की, रोगाने आपला स्वभाव पूर्णपणे पालटला नाही, तर पूर्वी वाटलेले संकट आता येणार नाही.

दुर्दैवाने रोगाने स्वभाव पालटला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडात झाडे पूर्वीपेक्षा फार झपाट्याने मरू लागली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले की, ही अधिक जहाल बुरशी उत्तर अमेरिकेतून आयात केलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर आली होती. ओंडक्यांची साल काढलेली नव्हती. सालीत भुंगेरे होते व भुंगेऱ्यांबरोबर बुरशी होती. पुढे १९९१ साली या बुरशीस स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. या दुसऱ्या साथीत ब्रिटनमधील अडीच कोटींहून अधिक एल्म नष्ट झाले. तेथील शिवाराचे रूप एका पिढीत पालटून गेले.

मेलेल्या झाडांच्या मुळांतून तेथे आजही फुटवे येतात. काही वर्षे ते कुंपणात जोमाने वाढतात. परंतु खोड सुमारे १० सेंटिमीटर जाड झाले, साल भुंगेऱ्यांच्या विणीजोगी झाली, की भुंगेरे पुन्हा येतात व फुटवे पुन्हा वाळतात.

औषधाचा मोह

रोग भुंगेरा पसरवितो हे समजल्यावर भुंगेरा मारावा, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील अनेक गावांनी एल्मवर डी. डी. टी. ची जोरदार फवारणी केली. मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथील विद्यापीठाच्या आवारात ही फवारणी १९५४ साली सुरू झाली. पुढील वसंत ऋतूपासून तेथे रॉबिन पक्षी तडफडून मरताना आढळू लागले. पक्षिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज वॉलेस यांनी कारण शोधले, तेव्हा असे दिसून आले की, औषध बसलेली पाने शरद ऋतूत गळून जमिनीवर पडत, ती गांडुळे खात व वसंतात परतलेले रॉबिन ती गांडुळे खात. रेचल कार्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ही हकीकत सांगितली आहे. न्यूयॉर्क राज्यातील काही गावांनी मुख्यतः मेलेली झाडे व लाकूड हटवूनच हानी अल्प राखली, हेही त्यात नमूद आहे. अमेरिकेत १९७२ साली शेतीतील डी. डी. टी. च्या वापरावर बंदी आली.

इतके औषध फवारूनही एल्म वाचले नाहीत. कारण मेलेली झाडे जागोजाग उभीच होती व त्यांच्या सालीतून दरवर्षी नवे भुंगेरे बाहेर पडतच होते. नळ वाहता ठेवून जमीन पुसत राहावे, तशी ती गत झाली.

ज्यांनी झाडे राखली

याच्या उलट उदाहरणेही आहेत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात आजही हजारो एल्म उभे आहेत. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस टेकड्या, असा निसर्गाचा आश्रय त्या शहरास आहे. परंतु केवळ तेवढ्याने ते वाचले नाहीत. साथीच्या आरंभापासूनच तेथे झाडांची नियमित पाहणी ठेवण्यात आली. पाने पिवळी पडलेली फांदी दिसताच ती कापणे, झाड हाताबाहेर गेले असल्यास ते विनाविलंब पाडणे, साल व लाकूड भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वीच नष्ट करणे आणि जुळलेली मुळे चर खोदून तोडणे, हा क्रम तेथे पाळला जातो. हॉलंडमधील आम्स्टरडॅम शहरानेही आपल्या कालव्यांकाठचे एल्म असेच राखले आहेत.

या कामास शेवट नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रायटनमध्ये ‘प्रेस्टन ट्विन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेले सुमारे ४०० वर्षांचे दोन जुळे एल्म होते. त्यांपैकी एकास रोग जडला व २०१९ साली तो पाडावा लागला. इतक्या जुन्या वृक्षावर कुऱ्हाड चालविणे कोणास सुखाचे वाटले असेल? परंतु दुसऱ्या झाडांसाठी ते करणे भाग होते.

रोगप्रतिकारक वाण काढण्याचेही प्रयत्न झाले. क्रिस्टीन बाउसमान १९३६ साली अल्पवयात निवर्तल्या. त्यांनी निवडलेल्या पहिल्या प्रतिकारक एल्मला त्यांचेच नाव देण्यात आले. तो वाण पुढे दुसऱ्या एका बुरशीस बळी पडला, तरी त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरून अनेक प्रतिकारक वाण तयार झाले व आज लावले जात आहेत.

हिमालयातील एल्म

एल्मच्या जाती आपल्या देशातही हिमालयाच्या उतारांवर आहेत. १९९५ साली ब्रेझियर व मेहरोत्रा या शास्त्रज्ञांनी तेथील सालभुंगेऱ्यांच्या बोगद्यांत याच गटातील एक नवी बुरशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेथे भुंगेरा आहे, बुरशी आहे, एल्मही आहे. परंतु साथ नाही. एकाच प्रदेशात दीर्घकाळ एकत्र राहिल्याने त्यांच्यात एक प्रकारचा समतोल झालेला दिसतो. तीच बुरशी युरोपातील एल्मला टोचली असता मात्र ती झाडे मरतात. यावरून हे उघड होते की, एका ठिकाणी निरुपद्रवी असलेला जीव दुसरीकडे नेला असता काळ ठरू शकतो. म्हणूनच सालीसकट लाकूड, रोपे व कलमे परमुलखातून आणण्यावर कायद्याचे निर्बंध असतात. ते निर्बंध शेतकऱ्याच्याच संरक्षणासाठी असतात.

आपल्या बागेतील सादृश्य

महाराष्ट्रातील डाळिंब उत्पादकांस या कथेतील बरेच काही ओळखीचे वाटेल. सोलापूर, सांगली, नाशिक इत्यादी जिल्ह्यांत डाळिंबाच्या बागा मर रोगाने उजाड झाल्याचे अनेकांनी पाहिले आहे. या रोगास कारणीभूत होणाऱ्या बुरशींत सिराटोसिस्टिस ही प्रमुख आहे. तीही जलवाहिन्यांतच वाढते. रोगट खोडाचा आडवा काप घेतला असता लाकडात करड्या-तपकिरी रंगाचे, चांदणीसारखे डाग दिसतात. अशा बागांत खोडास टाचणीने पाडल्यासारखी छिद्रे व त्यांतून बाहेर येणारा पिठासारखा भुसा पुष्कळदा आढळतो. ही ज्या लहान भुंगेऱ्याची करणी असते, त्यास शेतकरी ‘पिन होल बोरर’ म्हणतात.

दोहोंत भेदही आहे. एल्मचा भुंगेरा सालीखालीच राहतो. डाळिंबावरील भुंगेरा थेट लाकडात शिरतो. शिवाय डाळिंबाची मर केवळ भुंगेऱ्यामुळे पसरत नाही. रोगट रोपे, माती, एकमेकांस भिडलेली मुळे व छाटणीची अवजारे यांमधूनही ती पसरते. परंतु अशक्त व मरू घातलेले झाड भुंगेऱ्यांस बोलावून घेते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. वाळू लागलेल्या झाडाकडे दुर्लक्ष करू नये. खोडाचा काप घेऊन डाग पाहावेत व शंका असल्यास नमुना कृषि विद्यापीठाकडे अथवा सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे दाखवावा.

२. पूर्ण वाळलेले झाड मुळांसकट काढून शक्यतो तेथेच जाळावे. ते बागेतून फरफटत नेऊ नये. त्याचा ढीग बांधावर रचू नये आणि ते सरपण म्हणून साठवूनही ठेवू नये.

३. छाटणीच्या जाड काड्या बागेत पडू देऊ नयेत. कात्री व करवत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वापरण्यापूर्वी निर्जंतुक करावी.

४. रोगट व निरोगी झाडांच्या मध्ये चर खोदून मुळांचा संबंध तोडावा. चराची माती निरोगी झाडांकडे टाकू नये.

५. रोगट बागेतील गुटी कलमे लागवडीस घेऊ नयेत, तसेच ती दुसऱ्यास देऊही नयेत.

६. पाणी साचणे, भारी जमिनीत अति पाणी देणे अथवा झाडावर शक्तीबाहेर फळे धरणे टाळावे. जोमदार झाडाकडे भुंगेरा सहसा फिरकत नाही.

७. खोडास गेरू व औषधाचा लेप देणे उपयुक्त असते. त्याचे प्रमाण विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच ठेवावे.

यांपैकी कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही. मात्र एकट्याने करून भागण्यासारखीही नाही. एका शेतकऱ्याने आपली बाग स्वच्छ ठेवली आणि शेजारच्या बांधावर वाळलेल्या झाडांचा ढीग वर्षभर पडून राहिला, तर भुंगेऱ्यास बांध आडवा येत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी छाटणीच्या हंगामाआधी शिवारफेरी काढावी, वाळलेली झाडे शेतकऱ्यांसमवेत मोजावीत व सर्वांनी एकाच आठवड्यात ती काढून टाकण्याचा दिवस ठरवावा. ज्याच्याकडे मनुष्यबळ नाही, त्यास इतरांनी हात द्यावा. ब्रिटनमध्ये एल्मच्या जागा आज रिकाम्या आहेत, तर ब्रायटनच्या रस्त्यांवर त्यांची छाया अजून टिकून आहे. हा फरक मेलेले झाड वेळीच हलविण्याच्या शिस्तीने पडलेला आहे, आणि तीच शिस्त आपल्या बागांनाही तारील.